राजवाड्यांची दप्तरे धुळ्यात कशी राहिली?

प्रश्न : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मूळचे कोकणातले, इतिहासाचे मंडळ काढले पुण्यात. मग त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आपल्या खानदेशात कसे? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : राजवाडे धुळ्यात वारले आणि त्यांची दप्तरे धुळेकरांनी विखरू दिली नाहीत, म्हणून. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करण्यात ते पुढे होते. पण एका जागी ठाण मांडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. 31 डिसेंबर 1926 रोजी ते गेले आणि 1927 साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ सुरू झाले.

गावात जुन्या कागदाची किंमत जाणणारी माणसे आधीपासून होती. शंकर श्रीकृष्ण देवांनी सत्कार्योत्तेजक सभा काढून मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडे जमवली होती. डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. पुढे भास्कर वामन भटांसारख्यांनी मंडळाचा व्याप वाढवला. ‘संशोधक’ त्रैमासिक निघाले. राजवाड्यांचा मराठी धातुकोशही मंडळानेच छापून काढला. माझ्या मते मंडळाचे सर्वांत मोठे काम हेच : गुरूचे नाव पाटीवर लावून न थांबता त्याचे अपुरे राहिलेले लेखन त्यांनी लोकांपुढे आणले.

जुनी मोडी दप्तरे वाचायला किती चिकाटी लागते ते एका पत्रावरून कळते. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि बोरू फारसा न उचलता अक्षरे लिहीत जातो. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचे. तारखेच्या जागी ‘छ 5 रबिलाखर’ असे काही असते. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तिथी. वर्ष सुहूर सनाचे. त्यात 599 किंवा 600 मिळवावे तेव्हा इसवी सन हाती येतो, आणि मग कोणत्या मोहिमेच्या धामधुमीत ते पत्र लिहिले गेले हे उलगडते.

आपल्या अमळनेर-पारोळ्याकडच्या वाड्यांत अजूनही माळ्यावर रुमालात बांधलेली दप्तरे असतील. रुमाल सोडलात तर कागदांचा क्रम मोडू नका, फाटक्या जागी चिकटपट्टी लावू नका. वाळवी लागायच्या आत ते मोडी जाणणाऱ्याला दाखवा. वतनाचे, देवस्थानाचे कागद घरच्यांना निरुपयोगी वाटतात, पण गावचा इतिहास बहुधा त्यांतच असतो.