ही नोंद आमची नव्हे

आमच्या लहानपणी घरोघरी वाण्याच्या दुकानाची एक छोटी वही असे. महिनाभराचे वाणसामान उधारीवर येई; दुकानदार आपल्या खातेवहीत आणि आमच्या वहीत एकाच वेळी नोंद करी; महिनाअखेर हिशेब होई. आमचे आजोबा फारसे शिकलेले नव्हते, परंतु दररोज संध्याकाळी चष्मा लावून ती वही वाचल्याशिवाय ते जेवायला बसत नसत. एखादे दिवशी न आणलेली दोन किलो साखर वहीत दिसली की ते त्याच पावली दुकानात जात आणि शांतपणे म्हणत, “शेटजी, ही नोंद आमची नव्हे.” शेटजीही रागावत नसत. बोलणे त्याच संध्याकाळी होत असल्यामुळे दिवसभराचा व्यवहार दोघांच्याही ध्यानात असे. चूक सापडे आणि खोडली जाई. हेच बोलणे महिन्याने झाले असते, तर चुकीचे भांडण झाले असते.

आज ती वही गेली आणि तिच्या जागी बँकेचे कार्ड आले. डेबिट कार्डाने खर्च केला तर पैसा आपल्या खात्यातून तत्काळ जातो. क्रेडिट कार्डाने केला तर बँक तो आधी भरते आणि महिन्याच्या बिलाने आपल्याकडून वसूल करते. म्हणजे क्रेडिट कार्ड ही वाण्याची उधारीच होय. फरक इतकाच की दुकानदार आता सातासमुद्रापलीकडे असू शकतो आणि नोंद करणारा मनुष्य आपणास कधीच दिसत नाही. अशा वहीत परक्याने नोंद केली तर काय करावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमचे वडीलबंधू, ज्यांना घरात सारेजण अण्णा म्हणतात, निपाणीस राहतात आणि नोकरीसाठी रोज कोल्हापुरास जातात. त्यांचे खाते व कार्ड कोल्हापुरातील एका बँकेचे. एका शनिवारी रात्री त्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत दोन संदेश आले. जाहिरात असेल असे समजून अण्णांनी ते वाचलेही नाहीत. रविवारी दुपारी नववीत शिकणाऱ्या त्यांच्या कन्येने ते वाचले आणि विचारले, “बाबा, तुम्ही काल परदेशातून काही मागवलंत का? दोन वेळा पाच-पाच हजार गेलेत.” अण्णा क्षणभर स्तब्ध झाले. मग म्हणाले, “उद्या बँक उघडली की बघू. आत्ता कुणाला सांगू नका. उगीच गावभर हसू होईल.” त्या रात्री तिसरी नोंद झाली. ती पहिल्या दोहोंपेक्षा मोठी होती.

सोमवारी बँकेत पहिला प्रश्न झाला, “काल दुपारीच फोन करून कार्ड का बंद केले नाहीत?” अण्णांपाशी उत्तर नव्हते. बैल गेला अन् झोपा केला, अशी आमची अवस्था झाली. हे असे का झाले, याचा शोध घेताना आम्ही जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो.

कार्डावर बहुधा सोळा आकडे असतात. हे आकडे म्हणजे कुलूप होय, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. त्यांतील शेवटचा आकडा केवळ तपासणीचा असतो. आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी शोधलेली ती रीत आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. उजवीकडून प्रत्येक दुसरा आकडा दुप्पट करावा. उत्तर नवाहून मोठे आल्यास त्यातून नऊ वजा करावे. मग सर्वांची बेरीज घ्यावी. बेरजेस दहाने पूर्ण भाग गेला तर क्रमांक बरोबर. ३५२५ हा लहानसा क्रमांक घ्या. उजवीकडून ५, दुप्पट केलेले ४, मग ५, आणि दुप्पट केलेले ६, बेरीज २०. क्रमांक बरोबर आहे. आता चुकून ३६२५ लिहिले तर बेरीज २१ होते आणि चूक उघडकीस येते. ही योजना हातून होणाऱ्या चुकीविरुद्ध आहे, चोराविरुद्ध नव्हे. क्रमांक हा कार्डाचा पत्ता आहे. किल्ली म्हणजे पिन, पाठीमागचे तीन आकडे आणि प्रत्येक खरेदीच्या वेळी मोबाईलवर येणारा ओटीपी. पत्ता चार जणांना ठाऊक होतोच; किल्ली मात्र कोणासही द्यावयाची नसते. बँकेचा खरा नोकर ती कधीही मागत नाही; आणि जो मागतो तो बँकेचा नोकर नव्हे, इतके समजावे.

परंतु अण्णांनी किल्ली कोणासच दिली नव्हती. मग पैसा गेला कसा? याचे उत्तर असे की भारतातील संकेतस्थळांवर खरेदी करताना ओटीपीसारखी दुसरी खूण लागते, परंतु परदेशातील कित्येक दुकाने केवळ कार्डावरील आकड्यांवर व्यवहार पुरा करतात. ते आकडे एखाद्या दुकानाच्या यादीतून चोरीस गेले की मालकास पत्ताही लागत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२० साली असे ठरविले की कार्डावरील परदेशी व्यवहार, इंटरनेटवरील खरेदी इत्यादी सोयी ग्राहकास स्वतः बंद वा चालू करता आल्या पाहिजेत. ज्यास परदेशातून काही मागवावयाचे नाही, त्याने ते दार लावूनच ठेवावे. अण्णांचे दार उघडे होते आणि ते उघडे आहे हे त्यांस ठाऊकच नव्हते.

ग्राहकाचा काडीमात्र दोष नसताही चोरी होते, याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, जुनी आणि नावाजलेली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी तिच्या संगणकव्यवस्थेत शिरकाव करून घेतला. एटीएम यंत्राने ‘पैसे देऊ का?’ असे विचारले की बँकेच्या ऐवजी चोरांचीच व्यवस्था ‘दे’ म्हणून उत्तर देई. बनावट कार्डांच्या साहाय्याने अवघ्या काही तासांत अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून पैसा काढला गेला. भारतातही काढला गेला, आणि त्यात आपल्या निपाणीपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरातील यंत्रेही होती. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगकडे वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४.४२ कोटी रुपये झाली. ग्राहकांच्या खात्यांस धक्का लागला नाही, असे बँकेने तेव्हाच जाहीर केले. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांस दोषी ठरविले. येथे कोणत्याही कार्डधारकाने पिन सांगितला नव्हता. तेव्हा पैसा गेला की ‘तुमचीच चूक असेल’ असे ग्राहकास म्हणणे हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

हा न्याय रिझर्व्ह बँकेने नियमातच उतरविला. ६ जुलै २०१७ रोजी तिने बँकांस जे परिपत्रक पाठविले, त्यातील मुख्य कलमे विद्यार्थ्यांनी घरी वाचून दाखवावीत अशी आहेत. बँकेच्याच हलगर्जीपणाने पैसा गेला असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तर तिऱ्हाइताकडून चोरी झाली असेल, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळविले, तरीही त्याच्यावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळविल्यास काही मर्यादित रक्कम त्याने सोसावी. साध्या बचत खात्यास ही मर्यादा दहा हजार रुपयांची होती. सात दिवसांनंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी वा पिन सांगितला असेल तर तक्रार करीपर्यंतचे नुकसान त्याचे; परंतु तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचे. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यावर जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, ग्राहक दोषी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकण्यात आली. नियमांत वेळोवेळी सुधारणा होतात, म्हणून आजची मुदत व रक्कम आपल्या शाखेत विचारून घ्यावी; परंतु त्यामागील तत्त्व आजोबांच्या वहीचेच आहे. जो त्वरित बोलतो त्याचे ऐकले जाते.

अण्णांची तक्रार सोमवारीच नोंदली गेली, म्हणून मुदतीत बसली. ‘ओटीपी आपणच दिला असणार’ असे बँकेत प्रथम सांगण्यात आले. आम्ही नम्रपणे विचारले, “मग तो कोणत्या वेळी पाठविला गेला, ते कृपा करून दाखवा.” ओटीपी गेलाच नव्हता, तो दाखविणार कोठून? पैसे परत मिळाले, पण त्यासाठी दोन महिने खेटे घालावे लागले.

आता आपल्या सीमाभागातील एक विशेष अडचण. घर निपाणीस, बँक कोल्हापुरास, आणि चोर कोठे आहे हे तर देवच जाणे. एका कचेरीत आम्हास ऐकविण्यात आले की बँक महाराष्ट्रातील आहे, तेव्हा तिकडेच जा. कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल. त्या चार पावलांवर राज्य बदलते, परंतु चोरास नाका नसतो. कायद्यानेही हे ओळखले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्यात देता येते. शिवाय १९३० हा दूरध्वनी क्रमांक साऱ्या देशासाठी एकच आहे. तेथे त्वरित कळविल्यास पैसा पुढच्या खात्यात पोहोचण्याआधी अडविण्याचा प्रयत्न करता येतो. म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम कार्ड बंद करावे, त्यासाठी कार्डाच्या पाठीवरील क्रमांकच वापरावा, इंटरनेटवर शोधलेला नव्हे, कारण तेथे चोरांनीही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात, मग १९३० वर कळवावे, मग बँकेस लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक मागून घ्यावा, मग पोलिसांत खबर द्यावी. तीस दिवसांत बँकेने समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तेथे शुल्क पडत नाही.

हे सारे नियम एका गोष्टीपुढे मात्र निरुपयोगी ठरतात, आणि ती गोष्ट म्हणजे लाज. ‘कुणाला सांगू नका’ हे अण्णांचे वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही. २०२५ च्या मार्च महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, एका वृद्ध दांपत्यास तोतया अधिकाऱ्यांनी फोनवरून अटकेच्या धमक्या देऊन लाखो रुपयांस लुबाडले. त्या छळापायी ते दोघेही प्राणास मुकले. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात कोठेही नाही. एवढी एक गोष्ट कोणी शेजाऱ्याने त्यांस सांगितली असती तर! परंतु शेजाऱ्यास कळणार कसे? फसविणाऱ्याची पहिली अट हीच असते, की कोणास सांगू नका. पैसा पुन्हा मिळविता येतो, मनुष्य मिळत नाही. म्हणून आपल्या आजीआजोबांस आजच सांगून ठेवा की काहीही झाले तरी आम्ही रागावणार नाही. फक्त आम्हांस सांगा.

आणखी एक कटू गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात बेळगाव शहरात पोलिसांनी एका कॉल सेंटरवर छापा घालून तेहतीस जणांस अटक केली. अमेरिकेतील नागरिकांना फोनवरून फसविले जात होते, असा त्यांच्यावर आरोप आहे. निकाल न्यायालय देईल. परंतु ‘संगणकावर बसून इंग्रजीत बोलावयाचे, पगार चांगला’ अशी नोकरी पुढेमागे तुमच्यापैकीही कोणाच्या दारी येऊ शकते. त्या वेळी एकच प्रश्न विचारावा: फोनच्या पलीकडचा म्हातारा आपला आजोबा असता, तर आपण हेच बोललो असतो का?

अण्णांच्या घरी आता एक नवी रीत सुरू झाली आहे. रात्रीच्या जेवणाआधी त्यांची कन्या मोबाईलवरील बँकेचे संदेश मोठ्याने वाचते आणि प्रत्येक नोंदीस कोणीतरी ‘आमची’ म्हणून हुंकार देतो. ज्या नोंदीस हुंकार येणार नाही, त्या नोंदीसाठी बँकेचा क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. आजोबांची वही अशा रीतीने पुन्हा घरी आली आहे. ती आपणा सर्वांच्या घरी यावी, एवढीच इच्छा.