सदरमधील मराठी बालक आणि घरच्या अभ्यासक्रमाची निवड

१

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. जबलपूरच्या सदर भागातील ज्या मराठी मुलांचे शालेय शिक्षण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून होते, त्यांना पहिल्या तीन इयत्तांच्या काळात घरी मराठी शिकवावयाचे झाल्यास कोणता अभ्यासक्रम निवडावा, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. वरवर पाहता हा प्रश्न पालकांचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे. परंतु ज्या प्रदेशात मराठी ही शाळेची भाषा राहिलेली नाही, तेथे मराठीचा वाचक घडतो की नाही हे घरातील या निवडीवरच ठरते. म्हणून त्याची चर्चा या पृष्ठांवर अस्थानी ठरू नये.

जबलपूरचा मराठीशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि नागपूर त्याची राजधानी झाली. या प्रांतात हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. जी मराठी कुटुंबे येथे राहिली किंवा नोकरीनिमित्त नंतर आली, त्यांच्यापुरती मराठी ही द्विभाषिक प्रांताची भाषा न राहता अल्पसंख्याकांची भाषा बनली.

याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हा अनुच्छेद संविधानात आला. भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी असाव्यात, असे तो सांगतो. त्यापूर्वी १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने अशा सोयीसाठी संपूर्ण शाळेत ४० किंवा एका वर्गात १० विद्यार्थी हे प्रमाण ठरविले होते. परंतु छावणीलगतच्या बाजारपेठेची ही वस्ती संमिश्र आहे. अशा वस्तीतील मराठी मुले निरनिराळ्या शाळांत विखुरली, तर एका वर्गात दहा जण जमणे कठीण होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह होत. तथापि सदरमधील दुसरीच्या मुलाच्या हाती मराठी पुस्तक पडेल ते घरातूनच.

२

घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकासमोर सामान्यतः तीन प्रकारची साधने असतात. पहिले म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी माध्यमाची बालभारती. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळाची पुस्तके आज संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे ती सहज निवडली जातात. दुसरे म्हणजे अन्य माध्यमांच्या शाळांसाठी याच मंडळाने काढलेली सुलभभारती. तिसरे म्हणजे घरोघरी चालत आलेली अंकलिपी.

या प्रत्येक पुस्तकासमोर एक विशिष्ट मूल गृहीत धरलेले असते. बालभारतीचे मूल शाळेत, रस्त्यावर आणि दुकानात मराठीच ऐकते. सुलभभारतीच्या मुलाच्या घरात मराठी असेलच असे नाही. अंकलिपीच्या मुलाला अक्षरओळखच नाही. सदरमधील मूल या तिघांपैकी एकही नव्हे. त्याचा कान घरात मराठीला सरावलेला असतो, डोळा शाळेतील हिंदीमुळे देवनागरीला सरावत असतो आणि हाताने मात्र त्याने एकही मराठी वाक्य लिहिलेले नसते. म्हणून पुस्तक चांगले की वाईट हा प्रश्न दुय्यम होय. ते कोणत्या मुलासाठी लिहिले आहे, हा निवडीचा पहिला निकष असला पाहिजे.

परदेशातील मराठी शाळांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. उत्तर अमेरिकेतील मराठी मुलाला देवनागरी लिपी नव्याने शिकावी लागते. तेथे अक्षरांपासून आरंभ करणे योग्यच आहे. जबलपूरच्या मुलाच्या बाबतीत अडचण नेमकी उलट आहे. लिपी ओळखीची असल्यामुळे भाषाही आपोआप येईल, असा पालकांचा समज होतो. समान लिपी ही सोय खरी, परंतु ती भेद झाकूनही ठेवते.

३

हे भेद कोणते, ते उदाहरणांनी पाहू. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ लेखनात एक, पण उच्चारात दोन. तीच गोष्ट ‘जीव’ आणि ‘जाळे’ यांतील ‘ज’ची. हिंदी वाचनाची सवय झालेले मूल दोन्ही शब्द तालव्य उच्चाराने वाचते. घरात ऐकलेले ‘चाक’ आणि पुस्तकातील ‘चाक’ हा एकच शब्द आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक हिंदी लेखनात त्याला कधी भेटलेला नसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने निश्चित केली आहेत. शाळेच्या हिंदी पुस्तकातील वळणे त्यांहून वेगळी आहेत.

व्याकरणातील भेद अधिक खोल आहेत. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, तर मराठीत नपुंसकलिंगी. म्हणून ‘माझी पुस्तक फाटली’ असे वाक्य मुलाच्या तोंडी सहज येते. हिंदीत ‘दीवार पर’ म्हणताना नामाचे रूप बदलत नाही. मराठीत ‘भिंत’ची ‘भिंतीवर’ होते, ‘देऊळ’चे ‘देवळात’ होते. हिंदीच्या एका ‘हम’साठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे आहेत. आजीला बरोबर घेऊन ग्वारीघाटावर जाण्याचा बेत सांगताना नातू ‘आम्ही जाऊ’ म्हणाला, तर त्याने नकळत आजीला वगळलेले असते. ही चूक लाल शाईने दाखविण्याची नव्हे. श्रोत्याला आपल्यात सामावून घेण्याची जी सोय भाषेने दिली आहे, ती मुलाच्या हातून निसटत आहे, एवढे तिच्यावरून ओळखावे.

शब्दार्थांचेही असेच आहे. ‘खाली’, ‘राग’, ‘शिक्षा’, ‘ताई’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ निराळे. मुलाच्या वस्तीचे नावच याचा उत्तम नमुना आहे. जबलपूरच्या व्यवहारात ‘सदर’ म्हणजे छावणीची बाजारपेठ. मराठी ऐतिहासिक कथेत सदर म्हणजे वाड्यातील कारभाराची बैठक. असे शब्द चूक म्हणून टाळण्यापेक्षा पाठाचा विषय म्हणून घ्यावेत. मुलाला दोन भाषा येतात हे त्यामुळे उणेपणाचे न ठरता अभ्यासाचे भांडवल होते.

४

वरील विवेचनावरून घरच्या अभ्यासक्रमाचा क्रम सुचविता येईल. पहिल्या वर्षी लेखन नको. शाळा त्याच वेळी हिंदीची, अनेकदा इंग्रजीचीही, अक्षरे शिकवीत असते. त्याच अक्षरांचे दुसरे वाचन लादल्यास मूल गोंधळते. या वर्षी बडबडगीते, ओव्या, गोष्टी, नात्यांची नावे आणि ‘तो, ती, ते’चे खेळ असावेत. दुसऱ्या वर्षी वाचन सुरू करावे आणि आरंभ ‘अ’पासून न करता भेदांपासून करावा: ‘ळ’ची वारंवारता, ‘च’ आणि ‘ज’चे दोन उच्चार, शब्दान्तीचा दीर्घ इकार. येथे बालभारतीचे पहिलीचे पुस्तक वाचनपुस्तक म्हणून उपयोगी पडते. तिसऱ्या वर्षी लेखन यावे आणि ते पत्राचे असावे. नागपूरच्या किंवा पुण्याच्या आत्याला लिहिलेल्या चार ओळींना उत्तर येते. गिरविलेल्या पानाला येत नाही.

गणिताविषयी मतभेद संभवतो. ‘बे एके बे’ घरात म्हटले जावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा स्वाभाविक आहे. तथापि ‘पैंतालीस’ आणि ‘पंचेचाळीस’ ही दोन्ही रूपे एकाच वयात पाठ करावयास लावणे जड जाते. खुद्द महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून मोठा वाद झाला होता. हिशेब शाळेच्या भाषेत राहू द्यावा. मराठी संख्या सोंगट्यांच्या खेळात आणि बाजारहाटात कानावर पडाव्यात, हे अधिक व्यवहार्य दिसते.

पाठांच्या आशयाबाबत ताराबाई मोडक यांचा मार्ग अनुसरण्यासारखा आहे. बोर्डीला १९४५ पासून आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण मुलाच्या परिसरातील वस्तूंवर उभे केले. सदरच्या मुलाचा परिसर नर्मदेचा आहे. भेडाघाटचे खडक त्याने पाहिलेले असतात. त्यांच्यासाठी शाळेत तो ‘संगमरमर’ म्हणतो, घरी त्याला ‘संगमरवर’ मिळाला पाहिजे. सह्याद्री आणि समुद्र पाठात अवश्य यावेत, पण धुवांधार आणि मदनमहालानंतर. तयार पुस्तकांत हे पाठ नाहीत. ते घरातील मोठ्यांनीच रचावे लागतील.

५

या खटाटोपातून साध्य काय होणार, याचे उत्तर याच प्रदेशाच्या वाङ्मयेतिहासात आहे. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १८७१ मध्ये जन्मलेले माधवराव सप्रे हिंदी पत्रकारितेचे अध्वर्यू ठरले आणि त्यांनीच दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. मराठी केवळ बोलता येऊन हे कार्य झाले नसते. ती वाचता येत होती म्हणून झाले. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. थोरल्यांनी आधुनिक हिंदी कवितेला नवे वळण दिले. धाकट्यांना मराठी समीक्षाग्रंथासाठी १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातून दोन साहित्ये समृद्ध झाली.

याच्या दुसऱ्या बाजूला तंजावर आहे. सरफोजी राजांच्या मुद्रणालयातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापनीतीचे मराठी भाषांतर मुलांसाठी छापले गेले. बालवाङ्मयाचा असा आरंभ झालेल्या त्या नगरीत मराठी घरांतून बोलली जात राहिली, परंतु पुष्कळ कुटुंबांत लेखनवाचनाची भाषा तमिळ झाली. पुस्तक असणे आणि ते वाचणारे मूल असणे यांत अंतर आहे. वाचनाचा क्रम घरात टिकला नाही, तर बोली उरते आणि ग्रंथ मिटलेले राहतात.

सदरमधील मराठी मुलाला हिंदीपासून दूर नेण्याचे कारण नाही. हिंदी ही त्याच्या नगराची आणि शाळेची भाषा आहे. कानाने आलेली मराठी डोळ्यांपर्यंत आणि हातापर्यंत पोहोचविणे, एवढेच घरच्या अभ्यासक्रमाचे काम आहे. त्यासाठी निवडावयाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील मुलासाठी रचलेल्या अभ्यासक्रमाची छोटी प्रत असू नये. त्याचा आरंभ या मुलाला जे आधीच येते त्यापासून व्हावा. हिंदी आणि मराठी यांच्यामध्ये पुढील काळात भाषांतरकार, समीक्षक आणि वाचक मिळावयाचे असतील, तर ते बहुतांशी अशाच घरांतून मिळतील.