दाणा कधी उगवावा? बारावीनंतरचा एक गंभीर पर्याय

खरीप ज्वारी काढणीला आली आणि परतीचा पाऊस चार दिवस मुक्कामाला थांबला, की उभ्या कणसातच दाण्यांना कोंब फुटतात. कोकणात आडव्या पडलेल्या भाताची हीच गत होते, मार्चच्या अवकाळीत गव्हाची. अशा मालाचा बाजारात भाव पडतो आणि घरात त्याच्या पिठाला विरी राहत नाही, भाकरी थापताना तुटते. बहुतेक ठिकाणी हे नुकसान नशिबाच्या खात्यात जमा होते. प्रत्यक्षात कधी उगवायचे आणि कधी थांबायचे हे ठरवणारी यंत्रणा दाण्याच्या आतच असते. ती मोजता येते आणि काही प्रमाणात बदलताही येते. म्हणूनच ज्या विद्यार्थ्याला जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र मनापासून आवडते, त्याने धान्यविज्ञानाकडे ‘नीटमध्ये नाही जमले तर’ म्हणून पाहू नये. तो पहिल्या पसंतीचा विषय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत दाण्याच्या आत काय घडते यावर उभे आहे, म्हणून तिथे जरा थांबले पाहिजे. दाण्यातला बहुतेक भाग म्हणजे अंकुरासाठी भरून ठेवलेली शिदोरी, स्टार्च आणि प्रथिने. पाणी मिळाले की अंकुर जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. त्याचा निरोप मिळताच कोंड्याच्या आतला पेशींचा एक पातळ थर विकरे तयार करू लागतो. अल्फा-अमायलेज स्टार्चचे तुकडे करते, दुसरी विकरे प्रथिने तोडतात. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व करतात ते याच क्रियेच्या बळावर. म्हणून त्या सत्त्वाची पेज पातळ राहते आणि बाळाला पचते. स्वयंपाकघरात जे हवे असते, तेच शेतात झाले की घात होतो. प्रथिनांची गोष्ट याहून रंजक आहे. गव्हाच्या कणकेला ताण देणारी ग्लुटेनिन प्रथिने एकमेकांना गंधकाच्या दुव्यांनी बांधलेली असतात. दाण्यातली साठवण प्रथिने बंद ठेवण्यातही या दुव्यांचा वाटा आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बॉब बुकॅनन यांनी थायोरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनाचा अभ्यास केला. ते हे दुवे सोडवते आणि शिदोरीचे कुलूप उघडते. बार्लीत थायोरेडॉक्सिन वाढवल्यावर उगवण लवकर झाली, तर गव्हात ते कमी केल्यावर कणसातले कोंब घटले. म्हणजे पोळी मऊ होणे आणि कणीस पावसात टिकणे या दोन्ही प्रश्नांची मुळे एकाच रसायनशास्त्रात आहेत. बारावीच्या पुस्तकातला प्रथिनांचा धडा इथे थेट शेतकऱ्याच्या पट्टीपर्यंत पोहोचतो.

मग उगवणच रोखणारे वाण का काढत नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. अडचण अशी, की प्रमाणित गहू बियाण्याची उगवणशक्ती किमान ८५ टक्के असावी लागते. जो दाणा मार्चच्या पावसात उगवायला नको, तोच नोव्हेंबरच्या पेरणीत हमखास उगवायला हवा. झोप लागावी, पण वेळेवर जागही यावी, एवढे नेमके हे काम आहे. त्यात ग्राहकाची आवडही आड येते. लाल दाण्याच्या गव्हात सुप्तावस्था बहुधा जास्त टिकते, पण आपल्या पोळीला फिकट, पिवळसर झाक असलेला गहू हवा असतो. जपानमध्ये गव्हाची काढणी पावसाळ्याच्या तोंडाशी येते. तिथल्या संशोधकांनी २०१९ साली जनुकसंपादन करून दाण्याची सुप्तावस्था वाढवून दाखवली. बार्लीतल्या ज्या जनुकावरून ही दिशा मिळाली, त्याच्या तीन आवृत्त्या गव्हात असतात. तिन्ही एकाच वेळी बंद कराव्या लागल्या, कारण आपण खातो तो गहू तीन वेगवेगळ्या गवतांचे जनुकसंच पोटात घेऊन आला आहे. आता मोजमापाची बाजू पाहा. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या ‘फॉलिंग नंबर’ चाचणीत पीठ आणि पाणी उकळत्या पाण्यात ढवळतात आणि त्या खळीतून एक दांडी खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. चांगल्या गव्हाला तीनशेच्या वर सेकंद लागतात. कोंब आलेल्या गव्हाची खळ इतकी पातळ होते, की दांडी मिनिटभरात तळाला टेकते. डोळ्यांना कोंब दिसण्याआधीच बिघाड पकडणारी ही चाचणी पीठगिरणीत लाखोंचा सौदा ठरवू शकते.

पालकांची पहिली शंका नोकरीची असते, आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नुसत्या चार वर्षांच्या बीएस्सी ॲग्रीवर या क्षेत्रात फार लांब जाता येत नाही. संशोधनाच्या जागा मोजक्या आहेत. एमएस्सी, बहुधा पीएचडी आणि कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची परीक्षा असा तो रस्ता आहे. पण संशोधन हे एकच दार नाही. बियाणे कंपन्या, अकोल्याचे महाबीज, बियाणे तपासणी प्रयोगशाळा, पीठगिरण्या, बिस्किट आणि पावाचे कारखाने, अन्न महामंडळाचा गुणवत्ता नियंत्रण विभाग, या सगळ्यांना दाणा ओळखणारा माणूस लागतो. त्यासाठी वनस्पती प्रजनन, बीजतंत्रज्ञान, जैवरसायन किंवा अन्नतंत्रज्ञान यांतला एक विषय खोलवर शिकलेला असावा. परभणीला अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, म्हैसूरला १९५० पासून चालत आलेली सीएफटीआरआय आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या एमएसीएस ४०२८ या बन्सी गव्हात १४.७ टक्के प्रथिने आहेत. हे काम आपल्याच गावाजवळ होते, हे अनेक घरांना माहीतही नसते. मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. कृषी पदवी म्हणजे एमपीएससीच्या तयारीला मिळालेली चार वर्षे, असे मानणारी मुले वर्गात पुष्कळ असतात. परीक्षा जरूर द्यावी, पण विषयच न शिकता पदवी घेतली तर वरची सगळी दारे आपोआप बंद होतात.

दुसरी शंका नवी आहे: जनुकसंपादन आणि संगणक आले, मग माणूस कशाला? मे २०२५ मध्ये भारताने जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले, त्यामुळे हा प्रश्न आता पोकळ राहिलेला नाही. तरीही कोणते जनुक बदलायचे, त्याने पेरणीच्या वेळची उगवण बिघडते का, पोळीची चव टिकते का, निफाडला जमलेले सोलापूरला जमते का, हे शेतात हंगामामागून हंगाम तपासूनच कळते. तंत्र जसजसे स्वस्त होईल, तसतशी हे तपासणाऱ्यांची गरज वाढेल. तिसरी शंका सहसा बोलून दाखवली जात नाही. शेतीतून बाहेर पडावे म्हणून शिकवले आणि पोरगी परत शेतीकडेच चालली, असे घरच्यांना वाटते. त्यांच्या कष्टांतून आलेली ही भावना मी कमी लेखत नाही. पण जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतली किंवा बीजप्रजननाच्या प्रक्षेत्रावरची मुलगी पावसाच्या भरवशावर जगत नसते. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्यांचे नुकसान कसे कमी होईल, हे ती शोधत असते.

प्रवेशाचे वेळापत्रक वेळेवर पाहा. राज्यातल्या कृषी महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी आहे, तर अखिल भारतीय कोट्यातल्या जागांसाठी सीयूईटी. अन्नतंत्रज्ञानाला बहुधा गणित लागते, म्हणून अकरावीतच गणित सोडण्याआधी दोनदा विचार करा. आणि पसंतीक्रम भरण्यापूर्वी एक दिवस काढून मुलाला किंवा मुलीला जवळच्या कृषी विद्यापीठाच्या गहू, भात किंवा ज्वारी संशोधन केंद्रावर घेऊन जा, आणि तिथल्या शास्त्रज्ञाला त्यांनाच प्रश्न विचारू द्या.