त्वचेची तपासणी

रोग्याची तपासणी करताना परीक्षकाची दृष्टी प्रथम त्वचेवर पडते, आणि तरीही सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग बहुधा तोच असतो. तपासणी दिवसाच्या उजेडात व्हावी. पिवळसर दिव्याखाली कावीळ सहज नजरेतून निसटते. जुन्या युरोपीय ग्रंथांतील लालीची वर्णने गोऱ्या कातडीवरून लिहिलेली आहेत. सावळ्या अंगावर दाह तांबडा न दिसता काळपट किंवा जांभळट दिसतो. म्हणून तेथे हाताचा पालथा भाग लावून उष्णता पाहावी. फिकेपणा शोधायचा तो खालच्या पापणीच्या आत, जिभेवर व तळहातावर. छत्तीसगडात सिकलसेलचे रोगी पुष्कळ असल्यामुळे घोट्याजवळची न भरणारी जखमही दुर्लक्षून चालत नाही.

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला. १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा गावी कामगाराच्या हातावर भाजल्याचा फोड दिसला तर नवल वाटत नाही. परंतु ‘कधी भाजले?’ या प्रश्नाला ‘कळलेच नाही’ असे उत्तर आले, तर परीक्षकाने तेथेच थांबले पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये देशातील कुष्ठरोग्यांचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आले. छत्तीसगड मात्र तेव्हा ती मर्यादा गाठू शकले नव्हते.

कुष्ठरोगाचा चट्टा आसपासच्या त्वचेहून फिकट किंवा तांबूस असतो. तो सहसा खाजत नाही, दुखतही नाही, आणि म्हणूनच रोगी तो दाखवीत नाही. कोड दुधासारखे पांढरे असते. कोडात व शिब्यांत संवेदना शाबूत राहते. शंका आल्यास कापसाची बारीक वात घ्यावी. रोग्याला ती आधी दाखवून, निरोगी त्वचेला लावून, काय करावयाचे ते समजावावे. मग त्याला डोळे मिटावयास सांगून वातीचे टोक हलकेच टेकवावे, फिरवू नये. जेथे स्पर्श जाणवेल तेथे त्याने बोट ठेवावे. चेहऱ्यावर मज्जातंतूंचे जाळे दाट असल्याने तेथील उत्तर फसवे असू शकते. त्यानंतर कोपराच्या आतल्या अंगास मागे हाडाच्या खोबणीतील मज्जातंतू दोन्ही हातांचा चाचपून पाहावा. एका बाजूस तो दोरीसारखा जाड लागला, तर करंगळीची शक्ती व संवेदना त्याच वेळी तपासावी. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी औषधे सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा करतात. फार उशीर झाल्यास वाकलेली बोटे मात्र त्यांनी सरळ होत नाहीत.