जुन्या स्कूटरचा झिजलेला पट्टा-क्लच : निदान व दुरुस्ती



एखादें यंत्र अडलें म्हणजे ‘तें जुनें झालें’ असें म्हणून मोकळें होणें फार सोपें असतें. परंतु जुनेपण हें कांहीं निदान नव्हे. कोणता भाग झिजला, किती झिजला व कशामुळें झिजला, हें ज्यास दाखवितां येतें त्यासच दोष कळला असें म्हणावें. धरणगांवांतील एका घरच्या उदाहरणावरून हा विषय आपण समजावून घेऊं.

आपल्या एका विद्यार्थ्याच्या घरीं किनेटिक होंडा जातीची जुनी स्कूटर आहे. वडील हयात नाहींत. आई आरोग्यसेविका असून त्याच स्कूटरवरून आसपासच्या खेड्यांत कामास जातात. गेल्या पावसाळ्यानंतर ती गाडी चढणीवर अडूं लागली. इंजिन मोठ्यानें गर्जे, पण वेग येईना. वर्षभरांत दोन पट्टे खराब झाले. अखेरीस दुरुस्त करणाऱ्यानें ‘इंजिन संपलें, मोडींत काढा’ असा निकाल दिला. नवी गाडी घ्यावयाची तर मुलाच्या पुढील शिक्षणासाठीं राखलेल्या पैशास हात लावणें प्राप्त होतें.

गिअर न बदलतां चालणारी ही स्कूटर महाराष्ट्रांतील किनेटिक व जपानमधील होंडा या दोन कंपन्यांनीं १९८४ सालीं एकत्र येऊन बनविण्यास आरंभ केला. ती भागीदारी १९९८ सालीं संपली. पेट्रोलवर चालणारी ही जात आतां तयार होत नाहीं. म्हणून जुना भाग वांचविण्याची विद्या येथें विशेष उपयोगीं पडते. हॉलंडांतील डाफ कंपनीनें १९५८ सालीं अशाच तत्त्वाची मोटार लोकांपुढें आणिली होती. बर्फावरून धांवणाऱ्या हिमगाड्यांतही हेंच तत्त्व वापरतात.

तें तत्त्व असें. पिठाच्या गिरणींत पट्ट्यानें जोडलेलीं दोन चाकें तुम्हीं पाहिलीं असतील. त्यांचे आकार ठरलेले असल्यामुळें गतीचें प्रमाणही ठरलेलें असतें. या स्कूटरमध्यें मात्र प्रत्येक कप्पी दोन तिरक्या तबकड्यांची असते. पुढील कप्पीची एक तबकडी सरकती असून तिच्या पाठीमागें लहान गोल रोलर बसविलेले असतात. इंजिन वेगानें फिरूं लागलें कीं रोलर बाहेर फेंकले जातात व तबकडीस पुढें ढकलतात. त्यामुळें पट्टा कप्पीच्या कडेकडे चढतो. त्याच वेळीं मागील कप्पींत तो आंत उतरतो. समजा, आरंभीं पट्टा पुढें २ व मागें ५ सेंटिमीटर त्रिज्येवर आहे. तेव्हां इंजिनाचे अडीच फेरे होतात तेव्हां मागील कप्पीचा एक फेरा होतो. पुढें दोन्हीकडे साडेतीन सेंटिमीटर झाले म्हणजे फेऱ्यास फेरा मिळतो. रोलरांस बाहेर फेंकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे दुप्पट झाले तर जोर चौपट होतो. मागील कप्पीच्या टोकाशीं क्लच असतो. त्याचे जोडेही याच जोरानें उघडून बाहेरील डब्यास घट्ट धरतात व मग चाक फिरतें.

आतां निदान कसें केलें तें पाहूं. प्रथम गाडी मोठ्या स्टँडवर उभी करून, इंजिन बंद असतां, मागील चाक हातानें फिरविलें. तें मोकळें फिरलें. म्हणजे ब्रेक अडकला नव्हता. किक मारतांना पायास चांगला दाब जाणवला. म्हणजे इंजिनास दोष देण्याचें कारण दिसेना. गाडी जागेवरून निघत होती व जळका वासही येत नव्हता. म्हणजे क्लच अगदींच निसटत नव्हता. संशय उरला तो पुढील कप्पीचा.

मग झांकण काढून कप्पीच्या तिरक्या पृष्ठावर, मध्यापासून कडेपर्यंत, शाईची एक सरळ रेघ ओढिली. झांकण लावून गाडी एरंडोलच्या रस्त्यानें फिरवून आणिली व पुन्हां उघडून पाहिली. जेथवर पट्टा चढला तेथवरची शाई पुसली गेली होती; कडेजवळचा तिसरा हिस्सा जसाच्या तसा होता. पट्टा वर चढतच नव्हता! अरुंद झालेला पट्टाही असाच कमी चढतो. परंतु व्हर्निअरनें मोजतां या पट्ट्याची रुंदी नव्याएवढीच भरली. म्हणून कप्पी सोडविली. सहाही रोलर एका बाजूनें चपटे झाले होते. गोल वस्तु सरकते, चपटी जागींच अडते. शिवाय सरकत्या तबकडीचें बुश झिजून ती डुगडुगत होती. पट्ट्याच्या एकाच कडेचे धागे कां निघत, याचा उलगडाही येथेंच झाला. दोन पट्टे हे रोगाचे बळी होते. रोग निराळाच होता.

पुढचा प्रश्न, काय ठेवावें व काय टाकावें. तबकड्यांच्या पृष्ठांवर नख फिरवितां कोठेंही पायरी लागली नाहीं, तडा दिसला नाहीं. त्या नुसत्या पुसून ठेविल्या. बुश लेथवर नवें करून बसविलें. रोलर नवे घेतले. ते सर्व सारख्या वजनाचे आहेत कीं नाहींत हें सराफाच्या काट्यावर पाहिलें. क्लचच्या जोड्यांवर चकाकी आली होती, पण जाडी पुरेशी होती. ती चकाकी पॉलिश कागदानें हलकेंच काढिली.

येथें कांहीं गोष्टी कटाक्षानें पाळाव्या. तडा गेलेली तबकडी वेल्डिंग करून वापरूं नये. मिनिटास हजारों फेरे घेतांना ती फुटली तर जीवावर बेतेल. कप्पी धरून ठेवण्यासाठीं तिच्या पंख्याच्या पात्यांत पेंचकस अडकवूं नये, पातें तुटतें. आंतील धूळ तोंडानें फुंकूं नये, कारण जुन्या लायनिंगमध्यें अ‍ॅस्बेस्टॉस असूं शकतें व तें फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें पुसावी. जुन्या जिनाच्या पट्ट्यास राळ लावीत, तशी येथें लावूं नये. ग्रीस कोठें लावावें व नट किती आंवळावा हें त्या गाडीच्या पुस्तकावरूनच ठरवावें.

सर्व जुळवून झाल्यावर शाईची रेघ पुन्हां ओढिली. या वेळीं ती जवळजवळ कडेपर्यंत पुसली गेली. चढणीवर इंजिनाची ती पोकळ गर्जनाही थांबली. खर्च झाला तो रोलर, बुश व मजुरी एवढाच. शिक्षणाचे पैसे जागचे हलले नाहींत, आणि आई दुसऱ्याच दिवशीं आपल्या कामावर गेल्या.

मित्रहो, त्या शाईच्या रेघेस एक पैसाही पडला नव्हता. नवा भाग आणण्यापूर्वी यंत्रास असा एक नेमका प्रश्न विचारावा, व त्याचें उत्तर मिळेपर्यंत निकाल देऊं नये.