एक शब्द, दोन वाटा

27 डिसेंबर 2002 रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 'क्लोनेड' या कंपनीने जाहीर केले की, जगातील पहिले क्लोन मूल जन्माला आले आहे. पुरावा मात्र काहीच दिला नाही. वास्तविक तो देणे सोपे होते. क्लोनच्या पेशीकेंद्रकातील डीएनए मूळ व्यक्तीच्या डीएनएशी जुळतो. दोघींच्या रक्ताची तपासणी पुरेशी होती!

फ्लोरिडातील वकील बर्नार्ड सीगल यांनी न्यायालयात अर्ज केला : असे मूल खरोखर असेल, तर त्याच्या हितरक्षणासाठी पालक नेमावा. मूल देशाबाहेर असल्याचे कंपनीतर्फे सांगण्यात आले, तेव्हा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर जानेवारी 2003 मध्ये अर्ज निकालात निघाला. पुरावा आजतागायत मिळालेला नाही.

पण या गाजावाजाने वेगळाच धोका उभा राहिला. तो समजण्यासाठी क्लोनिंगची कृती पाहू. प्रथम अंडपेशीतील केंद्रक काढून टाकतात व त्या जागी शरीरातील एखाद्या पेशीचे केंद्रक बसवतात. विभाजन होत होत काही दिवसांत पेशींचा सूक्ष्म गोळा तयार होतो. येथे दोन वाटा फुटतात. गोळा गर्भाशयात ठेवला, तर पूर्ण जीव जन्मू शकतो. 1996 मध्ये जन्मलेली डॉली मेंढी अशीच. त्याऐवजी गोळ्याच्या आतील पेशी काचपात्रात वाढवल्या, तर मूलपेशी मिळतात. त्यांपासून मज्जापेशी, हृदयाच्या स्नायूंच्या पेशी इत्यादी तयार होऊ शकतात.

दोन्हींना 'क्लोनिंग' म्हणतात. मग कायद्याने सरसकट बंदी घातली, तर दुसरी वाटही बंद होणार. सीगल यांनी 2003 मध्ये 'जेनेटिक्स पॉलिसी इन्स्टिट्यूट' स्थापन केली. मुलांचे क्लोनिंग निषिद्ध असावे, परंतु मूलपेशींचे संशोधन चालू राहावे, असा तिचा आग्रह होता. विरोधकांचा आक्षेपही गंभीर होता : मूलपेशी काढताना भ्रूण नष्ट होतो, ते योग्य आहे काय?

8 मार्च 2005 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मानवी क्लोनिंगविरोधी घोषणापत्रावर मतदान झाले. बाजूने 84, विरुद्ध 34, तटस्थ 37. भारताने विरुद्ध मत दिले. घोषणापत्र संमत झाले, पण ते कायद्याप्रमाणे बंधनकारक नाही.

भौतिकशास्त्रात 'वजन' व 'वस्तुमान' यांत गल्लत केली, तर उत्तर चुकते. कायद्यात शब्दांची गल्लत झाली, तर प्रयोगशाळेचे दार बंद होऊ शकते.

विचार करा : वर्तमानपत्रात 'क्लोनिंग' हा शब्द दिसला, तर तुम्ही कोणता प्रश्न प्रथम विचाराल?