संगणकाचा बॅटरी-आधार : खरेदीपूर्वीचा हिशेब

शाळेची बरीचशी दप्तरी कामे हल्ली संगणकावर होतात. यू-डायसमधील विद्यार्थ्यांच्या नोंदी, शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे, निकालपत्रके ही कामे कित्येक शिक्षक शाळा सुटल्यावर घरी बसून पुरी करतात. अशा वेळी वीज गेली तर अर्धवट भरलेले आवेदनपत्र नाहीसे होते. आणि मुदत त्याच रात्री संपत असली, तर एखाद्या मुलाची परीक्षेची संधीही हुकण्याचा संभव असतो. म्हणून संगणकाला बॅटरीचा आधार असणे अगत्याचे आहे. परंतु तो घेताना दुकानदार दाखवील ती वस्तू उचलणे इष्ट नव्हे. ही निवड हिशेबाची आहे, आणि तो हिशेब साध्या गुणाकार-भागाकारापलीकडचा नाही.

१. गरज ठरविणे : प्रथमतः स्वतःस विचारावे, की वीज गेल्यावर आपणांस काय करावयाचे आहे? काम जतन करून संगणक रीतसर बंद करावयाचा असेल, तर दहा-पंधरा मिनिटे पुरेत. त्यास लहान यूपीएस योग्य होय. दोन-तीन तास काम चालूच ठेवावयाचे असेल, तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर लागेल. पहिल्या गरजेची वस्तू घेऊन दुसरीची अपेक्षा केल्यास निराशा पदरी येते.

२. वीजभार मोजणे : समजा, संगणक व त्याचा पडदा मिळून ९० वॉट आणि राऊटर व त्याच्या जोडीची फायबरची पेटी मिळून १५ वॉट वीज घेतात. एकूण भार १०५ वॉट झाला. लेझर प्रिंटर ह्या बेरजेत धरू नये व यूपीएसला जोडूही नये. तापताना तो एकदम शेकडो वॉट ओढतो.

३. दोन आकड्यांतील भेद : यूपीएसवर ‘६०० व्हीए’ असा आकडा ठळक छापलेला असतो. व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर. ते वॉट नव्हेत. अशा पुष्कळ यंत्रांची खरी क्षमता ३६० वॉट इतकीच असते, आणि तो आकडा बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. आपला भार वॉटच्या आकड्याशी ताडून पाहावा आणि काही क्षमता शिल्लक राहील असे पाहावे.

४. वेळ काढणे : वॉटचा आकडा यंत्र किती भार उचलील हे सांगतो, किती वेळ उचलील हे बॅटरी सांगते. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. १२ × ७ = ८४ वॉट-तास. ह्यास १०५ ने भागल्यास ४८ मिनिटे येतात. परंतु प्रत्यक्षात तेवढी मिळत नाहीत. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून वीज जितक्या वेगाने उपसावी, तितकी ती कमी देते. हा नियम पॉइकर्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली मांडला. शिवाय काही वीज यंत्रातच खर्ची पडते. म्हणून नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटे धरावीत, जुनीवर त्याहून कमी.

५. इन्व्हर्टर असल्यास : आपल्याकडील विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. वीज खंडित झाल्यावर संगणक सुमारे एका आवर्तनाएवढाच काळ तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला बॅटरीकडे वळण्यास ह्याहून अधिक वेळ लागला, तर दिवे नुसते लुकलुकतात, पण संगणक बंद पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस’ असे लिहिलेली कळ असते. ती त्या बाजूस करून ठेवावी.

६. राऊटरचा स्वतंत्र विचार : लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. तो वापरणाऱ्यास केवळ राऊटर व फायबरची पेटी चालू ठेवावी लागते. त्यासाठी लिथियम बॅटरीचा छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना आपल्या अडॅप्टरवरील व्होल्ट तंतोतंत जुळवावेत, आणि दोन्ही वस्तूंना लागणारे अँपिअर तो देऊ शकतो काय, हे पाहावे. एवढे करूनही गावातील केबलचालकाचे यंत्र विजेअभावी बंद पडत असेल, तर आपला राऊटर चालू राहूनही इंटरनेट मिळणार नाही. ही चौकशी खरेदीपूर्वीच करावी.

७. निगा : उष्णता बॅटरीची वैरी आहे. सुमारे २५ अंश सेल्सियसच्या वर दर १० अंशांस शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ती उन्हात वा बंद कपाटात ठेवू नये. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घालावे. तिच्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून खोलीत हवा खेळती असावी. दर तीन महिन्यांनी, महत्त्वाचे काम चालू नसताना, मुख्य कळ बंद करून यूपीएस किती मिनिटे चालतो ते पाहावे. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ ह्यांनुसार त्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे.

आणि बॅटरी कितीही चांगली असली, तरी दर पृष्ठानंतर काम जतन करण्याची सवय सोडू नये.

स्वाध्याय : राऊटर ९ वॉट व फायबरची पेटी ६ वॉट वीज घेते. छोट्या यूपीएसवर १०,००० मिलिअँपिअर-तास, ३·७ व्होल्ट असे लिहिले आहे. पाचवा हिस्सा वीज वाया जाते असे धरल्यास दोन्ही वस्तू किती वेळ चालतील?

(उत्तर : १० × ३·७ = ३७ वॉट-तास; पाचवा हिस्सा वजा जाता २९·६; त्यास १५ ने भागता सुमारे २ तास.)